अकरा दिवसांचा भाईजान

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी खोटं मी नऊ वर्षांचा असताना बोललो. क्रिकेट अर्धवट टाकून तू रोज संध्याकाळी त्या शेजारच्या मुसलमानांच्या घरात कशाला जातोस, असं आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या पोरांनी मला घेरून विचारलं, आणि मी बॅट खांद्यावर टाकून सांगितलं की मी तिथे उर्दू शिकायला जातो. पोरं बाजूला झाली. भिलाईत सगळ्यांचेच बाप पोलादाच्या प्लांटात, सगळ्यांनाच आपापली पोरं इंजिनियर करायची. शिकायला जाणाऱ्याला आडवं जाण्याची तिथे पद्धत नव्हती.

खोटं इतकं झकास होतं की ते निभवायला मला खरोखर उर्दू शिकावं लागलं. खालूंनी, म्हणजे शेजारच्या काकांनी, पाटी आणली. ते रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचे. दिवसभर उंचावरून लोखंड उचलणारा माणूस संध्याकाळी मांडी घालून माझा हात धरून अलिफ गिरवून घ्यायचा.

खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती सांगायला मला मनाई होती.

बाबा भंडारा जिल्ह्यातून येऊन प्लांटात कारकून झाले. आमच्या आणि खालूंच्या क्वार्टरमध्ये कमरेएवढी भिंत होती. मी तीन महिन्यांचा असताना आईला टायफॉईड झाला, तिला दवाखान्यात ठेवलं, आणि डब्याचं दूध मला पचेना. खालूंच्या बायकोला, म्हणजे आमच्या खालाला, माझ्याहून अकरा दिवसांनी लहान मुलगी होती. खालानं भिंतीवरून हात पुढे केले आणि बाबांनी मला त्या हातांत दिलं. आई उठून उभी राहीपर्यंत दोन महिने गेले. तोवर मी त्या घरच्या दुधावर चांगला गुटगुटीत झालो होतो.

आईनं उपकार मानले. पण मला कळायला लागल्यावर तिनं एकदा स्वयंपाकघरात उभं करून बजावलं, "कोनाले सांगू नोको. गावाकडं मालूम पडलं तं तुले कोनी पोरगी देनार नाही." मला तेव्हा पोरगी नको होती, खालाच्या हातची शेवई हवी होती. मी लगेच शपथ घेतली.

आता माझ्यासारख्या माणसाला अशी शपथ घालणं म्हणजे काय, ते मला ओळखणारे जाणतात. पावर हाउसच्या बाजारात वांगी घेतली तरी मी त्याचं वीस मिनिटांचं नाटक करतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझा एकपात्री प्रयोग असतो; नागपूरची मावशी, छत्तीसगढी ऑटोवाला, सही करताना घाम फुटलेला आमचा साहेब, सगळे माझ्या तोंडात राहतात. एवढी बडबड करून मी ही एक गोष्ट पन्नास वर्षं पोटात ठेवली. कर्तृत्वच म्हणायचं.

त्या घरात मला मिळालेला पहिला शब्द भाईजान. तो मी कमावला नव्हता, अकरा दिवसांच्या जोरावर पटकावला होता. त्यांच्याकडे मोठ्या भावाला नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे भरल्या घरात शिवी देण्यासारखं. धाकट्याला नाव पुरतं, मोठ्याला जान जोडावी लागते. त्यामुळे ती पोरगी मला जांबाच्या झाडावरून कच्चे जांब फेकून मारायची, पण मारतानाही म्हणायची, भाईजान, डोकं सांभाळा. अहोजाहो करत डोकं फोडणारी बहीण मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आमच्या घरी माझा सख्खा धाकटा भाऊ मला "अबे" म्हणायचा.

उन्हाळ्यात खालूंच्या गावाकडची पोरं यायची, आणि मग पाटीवर शब्दांची रांग लागायची. थोरली बहीण आपा, तिच्या खालची बाजी. भावांचे बडे, मंझले, संझले असे दर्जे, अगदी प्लांटातल्या ग्रेडसारखे. चचाजाद, फूफीजाद, मामूजाद, खालाजाद. मी आनंदानं ओरडलो की हे तर आपलंच आहे. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ. खालू खूश झाले. नातेवाईक सगळीकडे सारखेच छळतात म्हणाले, मग शब्दही सारखेच लागणार.

मग त्यांनी पाटीवर आणखी एक शब्द लिहिला, हमशीरा. म्हणजे बहीण. पण हा शब्द हाक मारायचा नाही, कागदावरचा. पत्रात, लग्नाच्या आमंत्रणात लिहायचा. हम म्हणजे एकच आणि शीर म्हणजे दूध, असं त्यांनी फोड करून सांगितलं, आणि मग पाटीवरून आधी माझ्याकडे आणि नंतर आपल्या मुलीकडे पाहिलं. आणि पाटी पुसून टाकली. मी नऊ वर्षांचा होतो, पण एवढं समजण्याइतका आगाऊ होतो.

एका राखीपौर्णिमेला लाइनीतल्या एका मुलीनं मला राखी बांधली. मी मनगट मिरवत भिंत ओलांडली. माझ्याहून अकरा दिवसांनी धाकट्या बहिणीनं राखीकडे बघून नाक मुरडलं. ती मुंहबोली आहे, म्हणाली. मी दूधशरीक आहे. मुंहबोली म्हणजे आपल्याकडची मानलेली बहीण; दूधशरीक म्हणजे एका दुधात वाटा असलेली. मी म्हटलं, बहीण ती बहीण, फरक काय. तेव्हा पोळ्या लाटणारी खाला मान वर न करता म्हणाली, "जो रिश्ता मुंह से जुड़ता है, बेटा, वो मुंह से टूट भी जाता है. दूध का नहीं टूटता."

मराठीतही दूधभाऊ आहे, मला माहीत आहे. पण आमच्या दूधभावाला कोणी काम देत नाही. तो इतिहासाच्या पुस्तकात असतो, घरात नसतो. त्यांच्याकडे तो शब्द म्हणजे प्लांटचा गेटपास होता. ज्याच्या खिशात आहे तो आत, नाही तो बाहेर, आणि गेटवर उभ्या माणसाला दोन्ही गोष्टी ठाऊक. दूधशरीक भाऊ-बहिणींचं लग्न होऊ शकत नाही. आणि ज्याच्याशी लग्न होऊच शकत नाही, त्याच्यासमोर पडदा नाही. अशा माणसाला ते महरम म्हणतात.

हा गेटपास काय चीज आहे, ते मला तेराव्या वर्षी कळलं. त्या वर्षी तिचं अंगणात खेळणं बंद झालं. लाइनीतली पोरं फाटकापर्यंत, खालूंचे मित्र बाहेरच्या खोलीपर्यंत. मी मात्र न खोकता, न खाकरता थेट स्वयंपाकघरात. तिची ओढणी कुठे आहे याकडे माझ्यासमोर कोणाचं लक्ष नसायचं, तिचं तर नसायचंच. एवढा मान मला पुढे नोकरीत तीस वर्षं घासून मिळाला नाही. पोरं जळायची. उर्दू अजून संपली नाही का रे, असं विचारायची. मी म्हणायचो, फार अवघड भाषा आहे.

बाविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं, बिलासपूरला. आईला नेमकं त्याच आठवड्यात गावी जायचं काम निघालं. तिनं मला विचारलं नाही, मी तिला सांगितलं नाही. ती बसमध्ये बसली आणि मी भिंत ओलांडली. बिदाईच्या वेळी नवरीला हात धरून गाडीपर्यंत भावानं न्यायचं होतं. खालाला मुलगा नव्हता. वऱ्हाडातल्या कोणीतरी विचारलं, हा कोण. खाला सरळ म्हणाली, दूधशरीक भाई है. निकाह लावायला आलेल्या मौलवींनी मान हलवली आणि वाट करून दिली. माझं नाव काय, मी कोणाला नमस्कार करतो, हे कोणी विचारलं नाही. मी तिला गाडीपर्यंत नेलं आणि नवरीपेक्षा मोठ्यानं रडलो. गाडीत बसता बसता ती पदराआडून म्हणाली, भाईजान, जरा कमी रडा, लोक मला बघायला आलेत.

पुढची वर्षं जशी जातात तशी गेली. मी प्लांटात लागलो, लग्न झालं, मुलगी कोणीतरी दिलीच. खालू रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, भिलाई-3 मध्ये त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं आणि तिथेच ते वारले. माझी आईही गेली. खाला एकटी राहायची. मी ईदला जायचो, मधूनही जायचो. बायकोला सांगायचो की जुन्या शेजाऱ्यांकडे जातो. बिलासपूरहून दर महिन्याला फोन यायचा आणि पलीकडून पहिला शब्द तोच, भाईजान. मी लगेच अकरा दिवसांनी मोठा व्हायचो.

मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक होती. मंडळ केवढं, तर पाच-पन्नास मराठी घरं. त्यांतल्या निम्म्यांची पोरं घरातही हिंदी बोलतात. पण खुर्ची ती खुर्ची. मला ती हवी होती. का हवी होती हे आज विचाराल तर मला सांगता येणार नाही, पण तेव्हा त्या खुर्चीसाठी मी न आवडणाऱ्या माणसांच्या घरी जाऊन कडू चहा पीत होतो. रविवारी मतदान, आणि गुरुवारी सकाळी मंडळाचे सचिव माझ्याकडे यादी घेऊन बसलेले. सचिव आमच्याच जुन्या लाइनीतले, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. माणूस चांगला, पण मंडळाचा लाउडस्पीकर बिघडला तर त्यांच्या जिभेवर काम भागेल असा.

तेवढ्यात फोन आला. ती बिलासपूरहून आदल्या दिवशीच आईकडे आली होती. आवाज अगदी सपाट होता. "भाईजान, अम्मी चली गईं. आप आइए. चेहरा मैं खुला रखवाती हूं आपके लिए."

मी उठलो. सचिव म्हणाले, भिलाई-3 लाच निघालात तर मीही येतो, माझं तिकडे काम आहे. वाटेत पावर हाउस लागतं. तिथे त्यांना उतरवून, पुढे ऑटो मिळेल असं सांगणं मला अवघड नव्हतं. मी गाडी हळूसुद्धा केली. पण ते यादी वाचत होते, अमक्या घरची चार मतं, तमक्या घरची तीन, आणि मी ऐकत राहिलो.

घरासमोर कनात लावली होती, खुर्च्या होत्या. आतल्या खोलीच्या दाराला पडदा. दाराशी मशिदीतले एक वयस्क गृहस्थ उभे होते. ते त्या वस्तीतले, मला ओळखत नव्हते. जावई कब्रस्तानात गेलेला. तो असता तर त्यानं मला दंडाला धरून आत नेलं असतं आणि ही गोष्ट मला सांगावी लागली नसती. त्यांच्याकडे बाईमाणूस गेलं की चेहरा परक्या पुरुषांना दाखवत नाहीत. मुलगा, भाऊ, जावई, जे महरम असतील तेच आत जातात. म्हणून दाराशी माणूस असतो आणि तो विचारतो. त्यांनी फार अदबीनं विचारलं, "आप मरहूमा के कौन होते हैं?" म्हणजे गेलेल्या बाईंचे तुम्ही कोण.

मला शब्द येत होता. पाटीवर गिरवलेला होता. ज्या मौलवींनी माझ्या बहिणीचा निकाह लावला, ते त्या शब्दावर बाजूला झाले होते. माझ्या डाव्या हाताला सचिव उभे होते, चप्पल काढू की नको या विचारात, आणि त्यांचा कान माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होता. मला भंडाऱ्याकडचं गाव दिसलं, जिथे मला ओळखणारं आता कोणी उरलेलं नाही. रविवार दिसला.

मी म्हणालो, "पड़ोसी. पुराने पड़ोसी."

त्यांनी मान डोलावली, मला खुर्ची दाखवली, कोणाला तरी पाणी आणायला सांगितलं. शेजाऱ्याला जसं बसवतात तसं बसवलं, काहीच चुकवलं नाही. मी ग्लास हातात धरून बसलो. थोड्या वेळानं तेच गृहस्थ माझ्या शेजारी येऊन टेकले आणि माहिती द्यावी तसं म्हणाले, जरा थांबावं लागतंय, मरहूमांचा एक मुलगा यायचा आहे, मुलीनं त्याच्यासाठी कफन बांधू दिलेलं नाही.

मी पाणी प्यालो.

आजवर मी स्टेजवर हजार सोंगं केली. कुठे थांबायचं, कुठे वळून बघायचं, कुठे एक शब्द टाकून सगळी सभा उठवायची, हे मला कळतं असं लोक म्हणतात. त्या खुर्चीत मला उठून फक्त सहा पावलं चालायची होती. सचिव शेजारच्या खुर्चीवर कोणाशी तरी उन्हाबद्दल बोलत होते. मी मनात दोनदा उठलो.

मग पडदा हलला. पलीकडे कोणीतरी उभं होतं. किती वेळापासून उभं होतं ते मला माहीत नाही, पण पडदा म्हणजे भिंत नव्हे, पलीकडे सगळं ऐकू जातं. गृहस्थ पडद्याजवळ गेले, मान खाली घालून ऐकलं, आणि परत येऊन बाकीच्यांना म्हणाले, "बहन कह रही हैं, बेटा नहीं आएगा. बांध दीजिए."

नमाजानंतर जनाजा निघाला. खांदा मी दिला. खांदा रस्त्यावरून जाणाराही देतो, त्यांच्यात ती चांगली पद्धत आहे. तीन मुठी माती टाकली; ती सगळेच टाकतात. शेजाऱ्यानं करायचं ते सगळं मी व्यवस्थित केलं. जावयानं मला कब्रीपाशी मिठी मारली आणि विचारलं, भाईजान, चेहरा पाहिलात ना. मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्याला त्या गर्दीत कळलं नाही.

परतताना सचिवांनी यादी उघडलीच नाही. पावर हाउसचा पूल आला तेव्हा म्हणाले, "बाई चांगल्या होत्या हो. तुम्हाला दूध पाजलं त्यांनी."

मी ब्रेक लावला. मागचा ऑटोवाला छत्तीसगढीत माझ्या खानदानाचा उद्धार करून पुढे गेला. तुम्हाला कोणी सांगितलं, मी विचारलं. सचिव माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना त्यांच्याच घराचा पत्ता विचारतोय. अहो, तुमच्या आईनंच, ते म्हणाले. नळावर, आमच्या आईला. सगळ्या लाइनीला ठाऊक होतं. "आमची आई म्हने, त्या पोराले दोन घरचं दूध हाय, म्हनून एवढा बोलते."

मला वाटतं मी हसलो. हसण्यासारखंच होतं. मला शपथ घालणारी बाई पाण्याच्या बादलीमागे उभी राहून तीच गोष्ट सांगत होती, तीही बहुधा कौतुकानं. आणि उर्दू शिकायला जातो म्हणून मी ज्या पोरांना बनवत होतो, ती पोरं घरून सगळं ऐकून येत होती. मग सचिवांनी मला साधा प्रश्न विचारला, आणि तो साधाच होता, त्यात टोमणा नव्हता. "मग तुम्ही तिथे शेजारी कावून म्हणाले?"

मी गाडी सुरू केली.

रविवारी मी निवडून आलो. सतरा मतांनी. हार घातला, फोटो काढला, दोन शब्द बोला म्हणाले. मी अर्धा तास बोललो आणि सभा हसून हसून लोळली. ती खुर्ची अजून माझ्याकडे आहे, तिचा डावा हात हलतो.

चालिसाव्याला, म्हणजे खाला गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, मी एकटा गेलो. वाटेत दहा वेळा वाक्य जुळवलं, दहा वेळा मोडलं. बायका आत, पुरुष बाहेरच्या खोलीत. जावयानं मला पाहताच आत आवाज दिला की भाईजान आलेत. मी सवयीनं उठलो, स्वयंपाकघराकडे चार पावलं गेलो.

ती दारात आली. मला पाहिलं. मग तिनं ओढणी कपाळावरून पुढे ओढली, पार नाकापर्यंत, आणि दाराच्या आड झाली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी तिनं पोरांसमोर पहिल्यांदा ओढली होती, अगदी तशी. मी स्वयंपाकघरात उभा राहून तेव्हा हसलो होतो.

आडूनच तिनं विचारलं. आवाज गोड होता. तिला वाईट बोलता येत नाही, त्या घरात कोणालाच येत नव्हतं.

"भाईसाहब, चाय लेंगे?"

हा शब्दही मी त्याच घरात शिकलो होतो. खालू बाजारात दुकानदाराला म्हणायचे, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला म्हणायचे. अतिशय सभ्य शब्द आहे. कोणालाही चालतो.

मी हो म्हणालो. चहा जावयाच्या हातून बाहेर आला. तिला माझी साखर ठाऊक आहे, लहानपणापासून अडीच चमचे. कपाबरोबर बशीत साखर वेगळी ठेवली होती, पाहुण्यांना देतात तशी.